मासळी गेली कुठे? मॉन्टेरे बंदरावरच्या एड रिकेट्स यांची गोष्ट

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात मॉन्टेरे नावाचं बंदर आहे. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी या बंदरावर रात्री-अपरात्री भोंगे वाजायचे. एकेका कारखान्याचा भोंगा वेगळा. आपला भोंगा ओळखून बायामाणसं अंथरुणातून उठायची आणि कामावर पळायची, कारण बोटी भरून सार्डिन आलेली असायची. सार्डिन म्हणजे आपल्याकडच्या तारलीच्या भावकीतला मासा. तो कापायचा, डब्यात भरायचा, शिजवायचा आणि देशभर पाठवायचा. समुद्राकाठच्या एकाच रस्त्यावर असे कारखाने एकाला एक लागून उभे होते.

त्याच रस्त्यावर, कारखान्यांच्या मधोमध एक छोटं लाकडी घर होतं. खाली तळघरात माशांच्या, बेडकांच्या, तारामाशांच्या बरण्या, वर पुस्तकं आणि ग्रामोफोन. तिथे राहणाऱ्या माणसाकडे कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. पण किनाऱ्यावरचा कुठला जीव कुठल्या खडकावर, किती उंचीवर आणि का राहतो, हे त्या काळात त्याच्याइतकं जाणणारे फार थोडे होते. आणि सार्डिन संपत आली तेव्हा ती का संपली, हे लोकांना समजेल अशा भाषेत सांगणाराही तोच. नाव एडवर्ड रिकेट्स. सगळे त्यांना एड म्हणत.

शिकागोचा मुलगा

एड यांचा जन्म १४ मे १८९७ चा, शिकागो शहरातला. समुद्रापासून खूप दूर. सहा वर्षांचे असताना एका काकांनी त्यांना निसर्गातल्या काही चिजा आणि प्राणिशास्त्राचं एक जुनं पुस्तक दिलं. पोरगं तिथेच बिघडलं म्हणायचं. मधलं एक वर्ष कुटुंब साउथ डकोटा या शेतीवाल्या राज्यात राहिलं, तिथे रानात हिंडायला मिळालं. पुढे थोडं कॉलेज, थोडी नोकरी, पहिल्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय विभागात काम, असं चालू राहिलं.

मग त्यांनी शिकागो विद्यापीठात नाव घातलं. तेही सलग नाही. मध्येच पाठीवर पिशवी टाकून ते निघाले आणि इंडियाना, केंटकी, उत्तर कॅरोलिना असं करत जॉर्जियापर्यंत पायी गेले. त्या प्रवासावर त्यांनी नंतर एका मासिकात लेखही लिहिला. एक माणूस नुसता मुलुख बघायला पायी चालतो हे वाटेतल्या लोकांना पटायचं नाही, म्हणून पुढे त्याने पैज लागली आहे असं सांगायला सुरुवात केली, अशी गोष्ट त्यांच्या मित्राने नंतर कादंबरीत रंगवून लिहिली आहे.

विद्यापीठात त्यांना एक गुरू भेटले, वॉर्डर क्लाइड अॅली. या अॅलींचा अभ्यासाचा विषय मोठा गमतीचा होता. प्राणी एकत्र राहतात ते कशासाठी? त्यांनी भांड्यात गोल्डफिश ठेवून विषारी द्रव्य घातलं. एकटा मासा लवकर मरायचा, तेवढ्याच पाण्यात दहा मासे एकत्र असले तर जास्त वेळ टिकायचे. कारण त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव मिळून विषाचा जोर कमी करतो. म्हणजे संख्या घटली की उरलेल्यांचं जगणंही अवघड होतं. कळपातलं एक जनावर एकटं पडलं की कसं खंगतं, हे गावातल्या माणसाला सांगायला नको. एड यांच्या डोक्यात हे कायमचं बसलं: एकेक प्राणी सुटा बघायचा नाही, तो कुणाबरोबर, कुठे आणि कशाच्या आधाराने राहतो ते बघायचं.

पदवी न घेताच त्यांनी विद्यापीठ सोडलं. १९२२ मध्ये लग्न झालं आणि १९२३ मध्ये एका मित्राबरोबर भागीदारीत धंदा करायला ते कॅलिफोर्नियाला आले.

धंदा बरण्यांचा

धंदा होता पॅसिफिक बायोलॉजिकल लॅबोरेटरीज या नावाचा. शाळा-कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला नमुने लागतात. तारामासे, ऑक्टोपस, छोटे शार्क, बेडूक, मांजरं, सगळं. ते गोळा करायचं, औषधात टिकवायचं, शार्क किंवा मांजर असेल तर त्याच्या रक्तवाहिन्यांत रंग भरायचा म्हणजे विद्यार्थ्याला शीर कुठली आणि धमनी कुठली ते कळतं, आणि खोक्यात भरून पाठवायचं. काचेच्या पट्ट्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे नमुनेही ते तयार करत. सुरुवातीला हे काम शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावात चालायचं, मग ते मॉन्टेरेच्या कारखान्यांच्या रस्त्यावर आलं. भागीदार लवकरच बाजूला झाला. धंद्यात पैसा कधीच फार सुटला नाही. हिशेबापेक्षा त्यांचं लक्ष खडकांत जास्त.

नमुने गोळा करायची वेळ घड्याळावर ठरत नाही, ओहोटीवर ठरते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात खाली जातं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण दोन्ही ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त खोल जाते. ती खोल ओहोटी पहाटे तीनला असेल तर पहाटे तीनला उठायचं. एड बादली, बरण्या आणि पहार घेऊन थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरत. अशा माणसाला डोकं भिजलेलं मात्र अजिबात चालायचं नाही म्हणे. त्यांच्या मित्राने लिहून ठेवलं आहे की अंघोळीच्या वेळीसुद्धा ते डोक्यावर मेणकापडाची टोपी घालत.

दगड उलटला की खालचं बघून झाल्यावर तो परत होता तसा ठेवायचा, हा त्यांच्यासारख्यांचा नियम. नाही ठेवला तर खालचे जीव उन्हाने मरतात आणि वरचे अंधाराने.

खडकावरचे मजले

वर्षानुवर्षं असं हिंडून त्यांच्या लक्षात एक गोष्ट पक्की आली. किनाऱ्यावरचे जीव कसेही विखुरलेले नसतात, ते मजल्यांनी राहतात. सगळ्यात वर, जिथे फक्त लाटेचे शिंतोडे येतात, तिथे छोट्या गोगलगायी. त्याखाली खडकाला चिकटलेले पांढरे टोकदार कवचाचे जीव, ज्यांनी पाय कापतो. त्याखाली काळ्या शिंपल्यांचा थर, आणि आणखी खाली तारामासे, समुद्रफुलं, खेकडे आणि शेवाळाचं रान. कोण किती वेळ पाण्याबाहेर उन्हात तग धरू शकतो यावर मजला ठरतो. पण तेवढंच नाही. लाटेचा मार किती, आणि पायाखाली खडक आहे, वाळू आहे की चिखल, यावरही ठरतो. उघड्या समुद्रावर जो जीव सापडेल तो आत खाडीत सापडेलच असं नाही.

बंदराच्या धक्क्याचे लाकडी खांब तर त्यांना पुस्तकासारखे वाटत. एका खांबावर वरून खाली नजर टाकली की सगळे मजले एकापाठोपाठ दिसतात. शिवाय तिथे लाकूड खाणारे जीवही असतात. एक छोटा किडा खांब बाहेरून कुरतडतो आणि एक लांब अळीसारखा शिंपलावर्गातला जीव आतून पोखरतो. बाहेरून खांब धडधाकट दिसतो आणि एक दिवस कोसळतो. १९२० च्या आसपास सॅन फ्रान्सिस्को खाडीत याच पोखरणाऱ्या जीवामुळे धक्केच्या धक्के पडले होते. त्या वर्षांत पाऊस कमी, नद्यांचं गोडं पाणी कमी आलेलं, म्हणून खाडीचं वरचं पाणीसुद्धा खारट झालं आणि पूर्वी जिथे हा जीव जगू शकत नव्हता तिथपर्यंत तो पोचला. पाऊस डोंगरात कमी पडला आणि धक्का बंदरात कोसळला. एड यांना असे धागे शोधायला आवडायचे.

हे सगळं त्यांनी जॅक कॅल्विन या मित्राला बरोबर घेऊन पुस्तकात लिहिलं. नाव 'बिटवीन पॅसिफिक टाइड्स', म्हणजे पॅसिफिकच्या भरती-ओहोटीच्या मधलं. त्या काळातली शास्त्रीय पुस्तकं प्राण्यांच्या कुळांप्रमाणे लिहिलेली असत. आधी स्पंज, मग किडे, मग कवचवाले. एड यांनी ते मोडलं. वाचणारा माणूस किनाऱ्यावर जिथे उभा आहे तिथून पुस्तक सुरू होतं: उघडा खडक, आडोशाचा खडक, खाडीचा चिखल, धक्क्याचा खांब. तिथे कोण भेटेल, ते काय खातं, कधी अंडी घालतं. मुलालाही उघडून बघता येईल असं.

शास्त्रज्ञांना ते रुचलं नाही. जवळच स्टॅनफर्ड विद्यापीठाचं सागरी केंद्र होतं, तिथल्या प्रमुखांनी हस्तलिखितावर प्रतिकूल मत दिलं. पदवी नसलेला, नमुने विकणारा माणूस पुस्तक लिहितो आणि तेही उलट्या पद्धतीने, याचं त्यांना काही कौतुक नव्हतं. प्रकाशन वर्षानुवर्षं रेंगाळलं. १९३९ मध्ये एकदाचं ते स्टॅनफर्डच्याच छापखान्यातून बाहेर आलं. त्यानंतर सुधारत सुधारत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या आणि पॅसिफिक किनाऱ्यावर समुद्राचा अभ्यास करणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी ते हाताळून पुढे गेला.

आग

या रेंगाळण्याचा एक फायदा झाला. २५ नोव्हेंबर १९३६ ला शेजारच्या कारखान्यात आग लागली. बघता बघता एड यांची प्रयोगशाळा खाक झाली. पुस्तकं गेली, नमुने गेले, वर्षानुवर्षांच्या नोंदी गेल्या. अंगावरचे कपडे आणि हाताला लागलं तेवढं सामान घेऊन ते बाहेर पडले. पुस्तकाचं हस्तलिखित तेवढं वाचलं, कारण ते प्रकाशकाकडे पडून होतं.

कापणीला आलेलं पीक डोळ्यांसमोर जळालेलं ज्याने पाहिलं आहे त्याला हा धक्का कळेल. एड यांनी त्याच जागी पुन्हा बांधकाम केलं आणि पत्रं लिहून लिहून, मागून मागून ग्रंथालय परत जमवायला घेतलं. या काळात पैशाने उभा राहिला तो त्यांचा जवळचा मित्र, लेखक जॉन स्टाइनबेक. हे तेच स्टाइनबेक, ज्यांनी कर्जात आणि दुष्काळात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांवर 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ही कादंबरी लिहिली आणि ज्यांना १९६२ मध्ये नोबेल मिळालं. दोघांची ओळख १९३० ची. स्टाइनबेक तेव्हा कुणालाच माहीत नव्हते, खिशात पैसे नव्हते. ते रोज प्रयोगशाळेत येऊन बसत. बिअर, संगीत, वाद आणि मध्येच सूक्ष्मदर्शक. त्या खोलीत लेखक यायचे, चित्रकार यायचे, रस्त्यावरचे बेकार लोकही यायचे. एड सगळ्यांशी सारखंच बोलत. माणसांचं झुंड म्हणून वागणं वेगळं आणि एकट्याचं वेगळं, हा विचार स्टाइनबेक यांच्या लिखाणात दिसतो, त्यावर या खोलीतल्या गप्पांची छाप आहे असं अभ्यासक मानतात.

घरचं मात्र सगळं बरं नव्हतं. तीन मुलं झाली, पण नवरा-बायकोचं पटलं नाही आणि संसार मोडला. शेवटची वर्षं एड प्रयोगशाळेतच राहत. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर माणूस देव्हाऱ्यातला होतो.

कोर्टेझचा समुद्र

११ मार्च १९४० ला 'वेस्टर्न फ्लायर' ही बोट मॉन्टेरेहून निघाली. पर्ससीन जाळ्याची सार्डिनची बोट, सुमारे ७६ फूट लांब. सार्डिनचा हंगाम संपला होता म्हणून भाड्याने मिळाली. बोटीवर एड, स्टाइनबेक, त्यांच्या पत्नी कॅरोल, तांडेल टोनी बेरी आणि बाकी खलाशी. मेक्सिकोच्या पश्चिमेला जमिनीच्या दोन पट्ट्यांत अडकलेला लांबलचक समुद्र आहे, त्याला कोर्टेझचा समुद्र किंवा कॅलिफोर्नियाचं आखात म्हणतात. तिथल्या किनाऱ्यावरचे जीव मोजायचे, असा बेत.

सहा आठवडे हे लोक ओहोटीला खडकांत आणि भरतीला बोटीवर. सोबतच्या छोट्या होडीचं मशीन गरज असेल तेव्हा कधी सुरू व्हायचं नाही, त्यावर स्टाइनबेक यांनी पानंच्या पानं राग काढला आहे. डिझेल पंपाशी झटलेल्या माणसाला तो भाग वाचून हसू येईल. २० एप्रिलला परत आले तेव्हा पाचशेच्या वर जातींचे नमुने जमले होते, त्यातल्या काही शास्त्राला नव्या.

या प्रवासातला एक प्रसंग आजही अंगावर येतो. ग्वायमास बंदराजवळ त्यांना कोळंबीसाठी समुद्राचा तळ खरवडणाऱ्या जपानी बोटींचा ताफा दिसला. ते बोटीवर चढून बघून आले. जाळं वर यायचं, त्यातून कोळंबी वेगळी काढायची आणि बाकी सगळे मासे, मेलेले किंवा मरायला टेकलेले, परत पाण्यात फेकायचे. टनावारी. जपानी खलाशी माणसं म्हणून चांगली होती, पाहुण्यांशी नीट वागली. पण हे असंच चाललं तर इथली कोळंबीही संपेल आणि मासेही, असं दोघांनी पुस्तकात स्पष्ट लिहिलं आणि मेक्सिको सरकारने आधी अभ्यास करून मर्यादा घालावी असं सुचवलं. पट्ट्या-पट्ट्याने तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरवरून भांडणं आपल्या कोकण किनाऱ्यालाही नवी नाहीत.

'सी ऑफ कोर्टेझ' हे पुस्तक डिसेंबर १९४१ मध्ये आलं. त्याच आठवड्यात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुस्तकाकडे कोण बघणार?

युद्धात एड यांना पुन्हा सैन्यात घेतलं, मॉन्टेरेच्याच छावणीत, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. त्यांच्या एक लक्षात आलं होतं. जपानी शास्त्रज्ञांनी पॅसिफिकमधल्या बेटांच्या किनाऱ्यांवर उत्तम अभ्यास करून निबंध छापले होते. कुठे खडक, कुठे चिखल, भरती किती, सगळं त्यात. सैनिक उतरवायचे तर हीच माहिती लागते. नौदलाला कळवलं. उत्तर आलं ते छापील. मग बऱ्याच दिवसांनी एक अधिकारी येऊन विचारून गेला की तुम्हाला जपानी वाचता येतं का. निबंध इंग्रजीतच होते. पुढे काही झालं नाही. सरकारी काम सगळीकडे सारखंच.

सार्डिनचा हिशेब

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

सार्डिन अंधाऱ्या पंधरवड्यात पकडतात. चांदणं नसलं की माशांचा थवा हलताना पाणी चमकतं, त्या चमकेवरून तांडेल जाळं टाकतो. १९३० नंतर बोटी मोठ्या झाल्या, जाळी मोठी झाली. १९३६-३७ च्या हंगामात एकट्या कॅलिफोर्नियात सात लाख टनांच्या वर सार्डिन निघाली. मॉन्टेरेत १९४१-४२ ला सुमारे अडीच लाख टन. माणसांनी खाल्ली असती तर एक वेळ ठीक. पण त्यातला मोठा वाटा दळून कोंबड्यांचं खाद्य आणि खत व्हायचा, आणि तेल काढलं जायचं. डब्यापेक्षा त्यात नफा जास्त आणि मेहनत कमी. कायदा आडवा आला तर काही मालकांनी जहाजावरच दळायचे कारखाने बसवले आणि ती जहाजं तीन मैलांच्या हद्दीबाहेर नेऊन उभी केली. राज्याच्या मत्स्य खात्यातले संशोधक सांगत होते की इतकी मासळी काढू नका, मर्यादा घाला. कारखानदार म्हणत समुद्र अथांग आहे. कामगारांनाही रोजगार हवा होता, त्यामुळे तेही गप्प. इथे कुणा एकाला खलनायक करून चालत नाही.

१९४५ नंतर मासळी एकदम आटली. लाखाच्या वरचा आकडा दोन हंगामांत काही हजारांवर आला. कुणी म्हणे पाण्यात सोडलेल्या दारूगोळ्याने मासा पळाला, कुणी म्हणे प्रवाह बदलला, पुढच्या वर्षी येईल.

एड त्या काळात पोटासाठी एका डबाबंद कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काम करत. म्हणजे ज्या धंद्याबद्दल बोलायचं त्याच धंद्याची भाकरी. तरी ते बोलले. मॉन्टेरेच्या स्थानिक दैनिकाच्या सार्डिन विशेषांकात त्यांनी वर्षामागून वर्ष लेख लिहिले. त्यांचा हिशेब साधा होता. सार्डिन पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाते. हे सूक्ष्म जीव वाढतात ते वारा आणि पाण्याच्या जोरावर. वसंतात उत्तर-पश्चिमेचा वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकलतो, त्या जागी तळाचं थंड पाणी वर येतं. ते खतासारखं सकस असतं. वारा नीट वाहिला तर चारा भरपूर, नाहीतर दुष्काळ. दक्षिणेच्या सागरी संस्थेने वर्षानुवर्षं मोजलेले सूक्ष्म जीवांचे आकडे घेऊन एड यांनी ते मासळीच्या आकड्यांशी लावून बघितले. चाऱ्याची वाईट वर्षं येणारच, ती निसर्गाचीच आहेत. पण वाईट वर्षात टिकायला कळपात पुरेसं बियाणं लागतं. आपण चांगल्या वर्षातही तेच काढत राहिलो आणि वाईट वर्षातही. मासा गेला कुठे या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं की तो डब्यांत गेला.

आणखी एक खूण त्यांनी दाखवली. मोठे, जुने मासे उन्हाळ्यात चरायला लांब उत्तरेला, कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटापर्यंत जातात आणि अंडी घालायला परत दक्षिणेला येतात. मासळी आटायला सुरुवात उत्तरेकडूनच झाली. कालव्याला पाणी कमी पडलं की शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आधी कळतं, तसंच हे. एड १९४५ आणि १९४६ ला स्वतः व्हँकुव्हर बेटावर जाऊन आले, तिथले खडक बघितले, कोळ्यांशी बोलले. वेळेवर आवर घातला असता तर कारखाने कमी असते, पण जे असते ते चालू राहिले असते, असं त्यांचं म्हणणं. १९४७ मध्ये हे छापून आलं तेव्हा रस्त्यावरचे कारखाने एकेक करून बंद व्हायला लागले होते. यंत्रं विकली जात होती.

पुढच्या संशोधकांना कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्राच्या तळाच्या गाळात माशांचे खवले थराथरांनी सापडले. त्यावरून कळलं की माणसाने जाळं टाकायच्या शेकडो वर्षं आधीपासून सार्डिन वाढते आणि घटते. म्हणजे एड म्हणाले तशी निसर्गाची बाजूही खरी, आणि पडत्या काळात जास्त ओरबाडलं की ती लवकर उठत नाही हेही खरं. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने सार्डिन पकडण्यावर बंदी घातली. वाढ दिसायला १९८० नंतरचा काळ उजाडावा लागला, आणि २०१५ मध्ये पुन्हा मोठी मासेमारी थांबवावी लागली.

रुळावर

१९४५ मध्ये स्टाइनबेक यांची 'कॅनरी रो' ही कादंबरी आली. त्यातला डॉक म्हणजे एड. डॉक खेकडे गोळा करतो, रस्त्यातल्या कुत्र्याला टोपी काढून नमस्कार करतो, आणि रस्त्यावरचे सगळे त्याच्यासाठी काहीतरी करायला बघतात. पुस्तक गाजलं. लोक गाड्या घेऊन प्रयोगशाळा बघायला यायला लागले, खिडकीतून डोकावायला लागले. एड यांनी ते सहन केलं. त्यांना दुसरंच काम दिसत होतं. किनाऱ्याचं एक पुस्तक कॅलिफोर्नियाचं झालं, एक मेक्सिकोचं झालं. तिसरं उत्तरेचं, क्वीन शार्लट बेटांपर्यंतचं करायचं राहिलं होतं. १९४८ च्या उन्हाळ्यात स्टाइनबेक यांच्याबरोबर तिकडे जायचं ठरलं होतं. टिपणं तयार होती. तीन पुस्तकं मिळून उत्तर अमेरिकेचा सगळा पश्चिम किनारा झाला असता.

८ मे १९४८ ची संध्याकाळ. दिवसभराचं काम संपवून एड जेवणासाठी काही आणायला जुनी ब्यूक गाडी घेऊन निघाले. प्रयोगशाळेजवळून चढाचा रस्ता रेल्वे रुळांवरून जातो. पत्र्याच्या गोदामामुळे रूळ नीट दिसत नसत. सॅन फ्रान्सिस्कोहून येणारी संध्याकाळची डेल मॉन्टे एक्स्प्रेस त्याच वेळी आली. गाडीला तिने फरफटत नेलं. शुद्धीवर असताना चालकाची चूक नाही हे त्यांनी सांगितलं, असं स्टाइनबेक लिहितात.

तीन दिवस ते दवाखान्यात होते. ११ मेला गेले. तीन दिवसांनी ५१ वर्षं पूर्ण झाली असती. स्टाइनबेक न्यूयॉर्कहून धावत आले, पण उशीर झाला होता. नंतर त्यांनी प्रयोगशाळेत बसून कागदपत्रं लावली आणि आपली पत्रं जाळून टाकली. तिसरं पुस्तक झालं नाही.

त्यांच्या नावावरून समुद्रातल्या दहाहून अधिक जिवांची शास्त्रीय नावं ठेवली गेली आहेत. कारखान्यांच्या रस्त्याचं नाव १९५८ मध्ये कादंबरीवरून कॅनरी रो असं बदललं. रस्त्यावरचा शेवटचा मोठा कारखाना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला, त्या जागेवर १९८४ मध्ये मॉन्टेरे बे अॅक्वेरियम उभं राहिलं. ते एड यांच्या जुन्या प्रयोगशाळेला लागूनच आहे. आत मोठमोठ्या टाक्यांत सार्डिनचे थवे गोल फिरतात. प्रयोगशाळेचं घर आता मॉन्टेरे शहराच्या मालकीचं आहे. अपघात झाला तिथून रूळ कधीच उखडले गेले, तिथे एड यांचा अर्धपुतळा आहे आणि येणारे-जाणारे त्याच्याजवळ फुलं ठेवून जातात. 'वेस्टर्न फ्लायर' वेगवेगळ्या मालकांकडे फिरली, नाव बदललं, पाण्यात बुडाली, वर काढली, पुन्हा बुडाली. अनेक वर्षं दुरुस्ती करून २०२३ मध्ये ती मॉन्टेरे बंदरात परत आणली. आता तिच्यावर मासे धरत नाहीत, शाळेची मुलं समुद्र शिकायला येतात.